बार फुसका जाऊ नये म्हणून

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

जिम कॉर्बेट १९०७ साली कुमाऊँमधल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीमागे गेले, तेव्हा शेवटच्या दिवशी त्यांच्याजवळ तीनच काडतुसं होती. या एका वाघिणीनं नेपाळात आणि कुमाऊँत मिळून ४३६ माणसं मारली, अशी नोंद आहे. तहसीलदारांनी हाक्यासाठी गावोगावची तीनशेच्या आसपास माणसं गोळा केली होती. कॉर्बेटांचा हिशेब साधा होता. वाघ समोर आलाच तर एक बार मिळेल, फार तर दोन. तिसरं काडतूस आपलं अडीअडचणीला. प्रत्यक्षात तिन्ही बार झाले, वाघीण जखमी झाली आणि जिवंतच राहिली. रायफल रिकामी! मग हा माणूस धावत तहसीलदारांकडे गेला, त्यांच्या हातातली बंदूक घेतली आणि परत वाघिणीकडे निघाला. जवळ पोचल्यावर बंदुकीकडे नीट पाहिलं, तर नळ्या आणि त्यांच्यामागचा ठोकळा यांच्यात जवळजवळ एक सेंटिमीटरची फट. अशी बंदूक स्वतःच्याच तोंडावर फुटायची. पण दुसरा इलाज नव्हता. त्यांनी वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला. गोळी लागली ती पंजाला. वाघीण आधीच्या जखमांनी अखेरच्या घटका मोजत होती म्हणून तेवढ्या धक्क्यानंही कोसळली, आणि कॉर्बेट पुढची पुस्तकं लिहायला शिल्लक राहिले.

ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना वाचलेली असते. वाचताना सगळं लक्ष वाघिणीकडे असतं. पण काडतुसांच्या बाजूनं ती पुन्हा वाचून पाहा. निघताना खिशात काय आहे, किती आहे, आणि जे आहे ते चालेल की नाही, एवढ्या तीन साध्या प्रश्नांवर एका माणसाचा जीव टांगलेला होता.

आता तुम्ही म्हणाल, शिकारीच्या गोष्टी आज कशाला? प्रश्न रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडची शिकार बंद झाली, आणि झाली ते उत्तमच झालं. पण अमेरिका, कॅनडा, जर्मनी, नामिबिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांत परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येत शिकार करणं हा कायदेशीर आणि रुळलेला प्रकार आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ऑक्टोबरच्या अखेरीपासून पाच आठवडे हरणं आणि एल्क यांच्या शिकारीचा हंगाम असतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचाच, पण घोड्याएवढा थोराड भाऊबंद. अंगावर भडक नारिंगी कपडा घातल्याशिवाय रानात पाऊल टाकता येत नाही, आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा तिथं गुन्हा आहे. आपली इतकी मुलंबाळं आता तिकडे नांदतात की, त्यांच्यापैकी कुणाला ना कुणाला ऑफिसातला सहकारी विचारतोच, ‘येतोस का शनिवारी?’ शिवाय आपल्या इथल्या जुन्या वाड्यांतल्या ट्रंकांमधून आजोबांची काडतुसं अधूनमधून बाहेर पडतातच. त्यांच्याबद्दल नंतर बोलू.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. इतिहासात तो आपल्याला भेटतो १८५७ साली. एनफिल्ड बंदुकीचं ते काडतूस कागदाचं होतं. दातांनी फाडून दारू नळीत ओतायची. त्या कागदाला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे अशी वार्ता पसरली आणि मेरठच्या घोडदळातल्या ८५ स्वारांनी काडतूस हातात घ्यायलाच नकार दिला. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. हातात दिलेलं काडतूस निमूटपणे घेऊ नये, हे आपल्या लोकांनी तेव्हाच ठरवलं होतं म्हणा ना!

आजचं रायफलचं काडतूस म्हणजे चार वस्तूंचं एक गाठोडं. बाहेर पितळी नळकांडं, तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी, पोटात दारू आणि बुडाशी एक छोटी टोपी. ही टोपी म्हणजे आपली दिवाळीतली टिकली. टिकलीवर दगड मारला की ती फाटकन उडते. तसा रायफलीतला खिळा टोपीवर आपटतो, तिची ठिणगी दारूत जाते आणि दारू पेटते. ही दारू बॉम्बसारखी एकदम फुटत नाही, अतिशय भराभर जळते. त्या जळण्यातून झालेला वायू गोळीला पुढे ढकलतो. किती जोरानं? मोटारीच्या टायरमध्ये आपण हवा भरतो ती साधारण तीस पौंडाची. अमेरिकेत हरणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या .३०-०६ या काडतुसात तो दाब दर चौरस इंचाला ६० हजार पौंडांपर्यंत जातो. म्हणजे टायरच्या दोन हजार पट! आणि हे सगळं रायफल खांद्याला लावणाऱ्याच्या गालापासून चार-सहा इंचांवर घडतं. त्या दाबाला आवरून धरणारं पोलाद मजबूत असतंच. पण पोलाद आणि दाब यांच्यामधली पहिली भिंत म्हणजे ते पातळ पितळ. म्हणून तपासणी करायची ती मुख्यतः पितळाची.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. काडतूस आपल्याच रायफलचं आहे ना? ऐकायला बाळबोध वाटेल, पण फार मोठे घोटाळे होतात ते इथंच. कारण काडतुसांच्या नावांत म्हणावी तशी शिस्त नाही. .३०-०६ मधला ‘०६’ म्हणजे १९०६ साल, त्या वर्षी अमेरिकी सैन्यानं ते स्वीकारलं. १९५२ साली बाजारात आलेल्या .३०८ काडतुसाची गोळी अगदी त्याच जाडीची, फक्त नळकांडं बारा मिलिमीटरनं आखूड. दोन्ही डबे एकाच कपाटात, एकाच रंगाचे. आखूड काडतूस लांब खोबणीत टाकलं तर ते आत ढिलं बसतं आणि उडालंच तर पितळ फाटून वायू मागच्या बाजूला येण्याचा धोका असतो.

याहून बोलकं उदाहरण .२८० चं. रेमिंग्टन कंपनीनं हे काडतूस १९५७ साली काढलं. ते म्हणावं तसं खपेना, म्हणून १९७९ साली त्याचं बारसं पुन्हा केलं आणि ‘७ मि.मी. एक्स्प्रेस’ असं झोकदार नाव ठेवलं. पण त्याच कंपनीचं ‘७ मि.मी. मॅग्नम’ नावाचं दुसरं काडतूस आधीपासून बाजारात होतं, आणि चांगलं लोकप्रिय होतं. गिऱ्हाइकं दुकानात जाऊन ‘सात मिलिमीटर’ मागू लागली आणि दोन्हींची अदलाबदल होऊ लागली. दोन वर्षांत कंपनीनं नवं नाव गुंडाळलं आणि पुन्हा .२८० वर आली. जाहिरातवाल्यांनी सुचवलेलं नाव बंदूकवाल्यांना महागात पडायची वेळ आली होती.

अलीकडचा प्रकार तर यापेक्षा घातक आहे. .३०० ब्लॅकआउट नावाचं काडतूस २०११ च्या सुमारास प्रमाणित झालं. त्याचं बूड नेहमीच्या .२२३ काडतुसासारखंच असतं, दोन्ही एकाच मॅगझिनमध्ये बसतात, पण गोळी मात्र जाड. दोन मिलिमीटरहून जास्त जाड. हे काडतूस चुकून .२२३ च्या रायफलीत गेलं आणि गोळी थोडी आत दबून झडप बंद झाली, तर चाप ओढल्यावर जाड गोळीला पातळ नळीत शिरायला जागाच नसते. रायफलीचे तुकडे होतात. असे अपघात झालेले आहेत. म्हणून शहाणे लोक दोन्हींची मॅगझिन वेगळ्या रंगाची ठेवतात आणि दोन्ही रायफली एकाच दिवशी बाहेर काढत नाहीत. छऱ्याच्या बंदुकीतही हाच धोका असतो. वीस नंबरचं लहान काडतूस बारा नंबरच्या नळीत घसरून अडकतं, त्याच्यामागे बारा नंबरचंही बसतं, आणि मग दोन्ही मिळून नळी फोडतात. वीस नंबरची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात पडला तो यामुळेच.

उलटा गोंधळही असतो. चंपावतच्या वाघिणीबद्दल कॉर्बेटांना संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी एक रायफल भेट दिली. ती .२७५ रिग्बी. आता जर्मनीतल्या दुकानात .२७५ मागितलं तर दुकानदार चक्रावेल, कारण तेच काडतूस तिकडे ७ बाय ५७ माउझर म्हणून ओळखलं जातं. नावं दोन, वस्तू एक. त्यामुळे डब्यावरच्या नावावर विसंबायचं नाही. नळीवर कोरलेली अक्षरं आणि काडतुसाच्या बुडावर उमटवलेली अक्षरं समोरासमोर धरून वाचायची. डब्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नये. डब्यात उरलेली सुटी काडतुसं कुणी कधी भरून ठेवली असतील, सांगता येत नाही.

हे झालं की टेबलावर एक जुना पांढरा पंचा पसरायचा आणि दिवसाउजेडी एकेक काडतूस हातात घ्यायचं. आपल्या आज्या तांदूळ निवडायच्या ना, तसं. रायफल मात्र त्या खोलीत नको. पहिल्यांदा पाहायची मान, म्हणजे गोळी जिथं बसवलेली असते तो भाग. इथं केसासारखी उभी चीर दिसली तर ते काडतूस बाजूला. मग अंग. लहानसा पोचा चालतो, पण खोल पोचा नको. मग बूड. टोपी बुडाशी सपाट किंवा कणभर आत असावी. वर आलेली असेल तर झडप बंद होतानाच ती ठेचली जाण्याची भीती. फार खोल असेल तर खिळा नीट पोचत नाही. शेवटी गोळी. ती बोटानं हलता कामा नये. शेजारच्या काडतुसाला लावून उंची पाहावी. एखादी गोळी आत दबलेली दिसली तर दारूला जागा कमी उरते आणि दाब वाढतो. वीस काडतुसांना दहा मिनिटं पुरतात.

हिरवा गंज हा नेहमीचा आजार. गमतीची गोष्ट अशी की, तो बहुधा रुबाबामुळे होतो. जुन्या छायाचित्रांत शिकारी कमरेला चामडी पट्टा लावून उभे असतात, त्यात ओळीनं खोवलेली काडतुसं. दिसायला फक्कड! पण चामडं कमावताना वापरलेल्या आंबट द्रव्यांमुळे त्या पट्ट्यात महिनोन् महिने राहिलेल्या पितळावर हिरवट, मेणचट थर चढतो. पुसून जाईल असा डाग असेल तर हरकत नाही. पण नखाला खड्डा लागत असेल तर पितळ खाल्लं गेलं आहे असं समजायचं. आणि हो, गंज जावा म्हणून काडतुसाला तेल चोपडायचं नाही. पातळ तेल टोपीच्या कडेनं आत झिरपतं आणि टिकली सर्दाळल्यासारखी होते.

पितळ तडकण्याचा एक किस्सा तर थेट आपल्या पावसाळ्याचाच आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसं पावसाळ्याचे महिने तबेल्यांत साठवून ठेवत. पाऊस संपल्यावर बाहेर काढली की कित्येकांना आपोआप चिरा पडलेल्या असत. कुणी आपटली नाहीत, उडवली नाहीत, तरी चिरा! म्हणून या रोगाला नावच पडलं ‘मोसमी तडक’. पुष्कळ वर्षं कोडं होतं. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा इंग्रज संशोधकांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो. पितळ हे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. नळकांडं करताना ते ओढून ओढून लांब केलेलं असतं, त्यामुळे त्याच्या अंगात एक ताण अडकून राहतो. ताणलेल्या पितळाला दमट हवेतला अमोनिया लागला की ते कण्याकण्याच्या सांध्यातून फाटत जातं. उपाय सोपा निघाला. नळकांडं तयार झाल्यावर ते बेतानं तापवायचं, म्हणजे ताण निघून जातो. आज जगभरच्या कारखान्यांत ही पद्धत आहे. तरीसुद्धा काडतुसं गोठ्याजवळ, खताच्या पोत्यांजवळ किंवा अमोनिया असलेल्या साफसफाईच्या द्रवाजवळ ठेवू नयेत हा नियम शिल्लक राहिला आहे, आणि त्याचं मूळ आपल्या तबेल्यांत आहे.

डोळ्यांना दिसत नाही ते दारूचं काय? काडतूस कानाशी हलवून पाहणारे लोक असतात. त्यातून फारसं काही कळत नाही, कारण भरगच्च भरलेल्या नळकांड्यात दारू वाजतच नाही. वजन करणं त्यापेक्षा बरं. .३०-०६ च्या एका पूर्ण काडतुसाचं वजन साधारण २८ ग्रॅम भरतं. त्यात दारू असते साडेतीन ग्रॅमच्या आसपास. आपल्या जुन्या मापात जवळजवळ साडेतीन मासे. सोनाराच्या नव्हे, साध्या चांगल्या काट्यावरही दारू भरायचीच राहिलेलं काडतूस सहज सापडतं. थोडी कमी-जास्त भरलेली दारू मात्र अशी सापडत नाही, कारण पितळाच्या वजनातच थोडा फरक असतो. कारखान्यातल्या मालात असा दोष विरळा. पण अमेरिकेत पुष्कळ हौशी लोक घरच्या घरी रिकाम्या नळकांड्यांत दारू भरतात. अशा घरगुती काडतुसांबाबत माझं मत स्पष्ट आहे: ज्यानं भरली त्यानंच उडवावीत. मित्रानं प्रेमानं दिलेला लोणच्याचा डबा घ्यावा, काडतुसांचा घेऊ नये.

दारू अजिबात नसलेलं काडतूस फुसकं ठरतं, एवढंच झालं असतं तर प्रश्न नव्हता. पण टोपी तर उडतेच, आणि तेवढ्या बळावर गोळी नळीत दोन-चार बोटं शिरून अडकून बसते. आवाज ‘ठो’ न येता ‘फट्’ असा येतो, खांद्याला धक्का बसत नाही. समोर हरीण उभं आहे, अंगात उत्साह आहे. माणूस झटकन दुसरं काडतूस आत सारतो आणि चाप ओढतो. आता दुसऱ्या गोळीच्या वाटेत पहिली बसलेली. नळी फुगते किंवा फाटते. म्हणून नियम असा की, आवाज वेगळा आला की थांबायचं, रायफल रिकामी करायची आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं. मोंटानाच्या थंडीत, बोटं बधिर झालेली असताना हे पाळणं सोपं नाही. म्हणूनच ते घरीच मनाशी घोकून ठेवावं लागतं.

आणि चाप ओढल्यावर काहीच झालं नाही तर? नुसती ‘टक्’. इथं नवशिक्याचा हात लगेच झडपेकडे जातो, आणि तेच करायचं नसतं. सर्दाळलेली टोपी कधीकधी धुमसत राहते आणि क्षणभरानं पेटते. झडप उघडली असताना ती पेटली तर पितळाचे तुकडे तोंडावर येतात. म्हणून नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निदान अर्धा मिनिट मनातल्या मनात मोजायचं. अर्धा मिनिट फार मोठा असतो, बरं का. हरीण तोपर्यंत दुसऱ्या डोंगरावर पोचतं. जाऊ द्यावं.

उष्णतेचाही दारूवर परिणाम होतो, आणि ही गोष्टसुद्धा इंग्रज शिकाऱ्यांना हिंदुस्थानानं आणि आफ्रिकेनं शिकवली. त्या काळी कॉर्डाइट नावाची दारू वापरात होती. विलायतेच्या थंडीत ठीक वागणारं काडतूस मे महिन्याच्या उन्हात तापलं की दाब वाढायचा, पितळ खोबणीत चिकटून बसायचं आणि बाहेर निघायचं नाही. समोर जखमी वाघ आणि रायफल अडकलेली! त्यामुळे लंडनचे बंदूकवाले उष्ण देशांसाठी दारू थोडी कमी घातलेली वेगळी काडतुसं विकू लागले. १९११ साली निघालेल्या .४१६ रिग्बीचं नळकांडं मुद्दाम ऐसपैस केलं गेलं, ते दाब मर्यादेत राहावा म्हणून. आजची दारू बरीच सुधारली आहे. पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, काचेखालच्या फळीवर काडतुसांचा डबा ठेवू नये, हे आजही खरं आहे.

इतकी पाहणी झाली, तरी शेवटची परीक्षा उरतेच. ज्या डब्यातली काडतुसं रानात न्यायची, त्याच डब्यातली चार-पाच आधी चांदमारीच्या मैदानावर उडवून पाहायची. डब्यावर एक घाणीचा क्रमांक असतो. एका घाणीतली दारू, टोप्या, गोळ्या सारख्या. क्रमांक बदलला तर गोळी पडण्याची जागाही थोडी बदलू शकते. .३०-०६ मधून १८० ग्रेनची गोळी दोनशे यार्डांवर बरोबर बसवली, तर ती शंभर यार्डांवर सुमारे दोन इंच वर आणि तीनशेवर आठ-नऊ इंच खाली पडते. हे आकडे वेगळ्या जातीच्या गोळीला तसेच लागू पडत नाहीत. आठ इंचांचा फरक कागदावर काहीच नाही. हरणाच्या बाबतीत तो काळजाच्या ऐवजी पोटाला लागण्याएवढा आहे. मग ते जनावर जखमी होऊन रात्रभर कुठंतरी झाडीत पडून राहतं. शिकार योग्य की अयोग्य हा वाद ज्याला घालायचा त्यानं घालावा. पण शिकार करणाऱ्यानं जनावराला अर्धवट मारू नये, याबद्दल वाद नसावा.

गोळी कशाची आहे, हेही आता पाहावं लागतं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिशाच्या गोळीनं शिकार करायला पूर्ण बंदी आहे. कारण तिथला काँडोर हा गिधाडांच्या जातीचा भला थोरला पक्षी. शिकारी जनावराची आतडी वगैरे रानात टाकून जातात, त्यात शिशाचे बारीक कण असतात, ते काँडोरांच्या पोटात जाऊन त्यांना विषबाधा होते. गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकमुळे आपली गिधाडं कशी संपत आली, आणि २००६ साली ते औषध गुरांसाठी बंद करावं लागलं, हे आठवलं की ही साखळी लगेच समजते. शिशाऐवजी तांब्याच्या गोळ्या आल्या. तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि वेगळी उडते. म्हणजे पुन्हा मैदानावर जाणं आलंच.

मग मोजणी. जाताना किती नेली, किती उडवली, किती परत आणली. विमानानं शिकारीला जाणाऱ्यांना सामानात माणशी पाच किलोपर्यंतच काडतुसं नेता येतात, तीही विमान कंपनीला आधी सांगून, पक्क्या खोक्यात बंद करून. तेवढी पुरतात. अडचण येते ती परत आल्यावर. खिसे, चेन, अस्तर असलेली शिकारीची पिशवी पुढं घरात पडून राहते आणि सहा महिन्यांनी तीच पिशवी घेऊन कुणी सहलीला निघतं. २०२४ साली टर्क्स आणि केकॉस या कॅरिबियन बेटांवर अशा काही अमेरिकी पर्यटकांना विमानतळावर अटक झाली. पिशवीत विसरून राहिलेली काडतुसं, त्यातली काही शिकारीचीच. तिथल्या कायद्यात त्यासाठी किमान बारा वर्षांची कैद होती. स्थगित शिक्षा आणि दंड यांवर त्यांची सुटका झाली खरी, पण काही आठवडे ती माणसं बेटावर अडकून पडली आणि बायकामुलं घरी वाट पाहत राहिली. आपल्याकडच्या विमानतळांवरही बॅगेत एखादं काडतूस सापडून शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ते जाणूनबुजून बाळगलं होतं का, हे कोर्ट पाहतं. पण कोर्टापर्यंत जावं लागतं. तेव्हा तिकडे राहणाऱ्या मुलाची जुनी रकसॅक घेऊन मुंबईच्या विमानात बसणाऱ्या आईवडिलांनी तिचा प्रत्येक कप्पा एकदा उलटा करून झटकावा.

आता आजोबांच्या ट्रंकेबद्दल. साड्यांखाली, जुन्या पंचांगांखाली एक पुठ्ठ्याचा डबा निघतो. आत दहा-बारा काडतुसं. बुडावर इंग्रजीत ‘के एफ’ अशी अक्षरं आणि कधीकधी साल. ही अक्षरं आपल्या पुण्याच्या खडकीची. इंग्रज तिला किरकी म्हणत आणि तिथला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. काडतूस पन्नास-साठ वर्षांचं आहे म्हणून ते मेलेलं आहे, असं धरून चालू नये. कोरड्या, थंड जागी राहिलेली काडतुसं अनेक दशकं टिकतात. बिघडलेलं असेल तरी ते निरुपद्रवी झालेलं नसतं. त्यामुळे ते पकडीत धरून उघडायचं नाही, टोपीवर काही टोचायचं नाही, पितळ विकता येईल म्हणून भट्टीत टाकायचं नाही, कचऱ्यात तर नाहीच नाही. कचरा पेटवणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक नसतं. मुलांना खेळायला देण्याचा प्रश्नच नाही. शस्त्र कायद्याच्या एकविसाव्या कलमात सोय आहे. ज्याच्याकडे परवाना नाही, किंवा परवानाधारक वारल्यामुळे ज्याच्या हाती अशी वस्तू आली, त्यानं ती विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. आधी ठाण्यात फोन करावा, काय सापडलं, किती सापडली ते सांगावं, डबा होता तिथंच राहू द्यावा आणि ते सांगतील तसं करावं. जमा केल्याची पावती मात्र मागून घ्यावी.